मधला भोवरा

न्हाव्याने होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दारात आधी एक टोपी आली आणि बऱ्याच वेळाने तिच्याखालून सासरे आले. टोपी लोकरीची, कानांवर ओढलेली आणि इतकी ऐसपैस की तिच्यात एखाद्या जोडप्याने संसार थाटला असता. सासरे जावयाला न्याहाळत होते, जावई टोपीला. त्या टोपीखाली केसांचे दोन भोवरे आहेत, एकमेकांच्या उलटे फिरणारे, असं होणाऱ्या बायकोने सांगितलं होतं. बापाला उघड्या डोक्याने तिनेही कधी पाहिलं नव्हतं, पण आई तसं सांगायची.

दुसऱ्या कुणाला याचं काही वाटलं नसतं. पण या न्हाव्याला भोवऱ्यांचं वेड. गणिताचे मास्तर एकदा दाढी करून घेताना बोलून गेले, की केसाळ चेंडू कसाही विंचरा, कुठेतरी भोवरा पडणारच. झालं. वस्तरा हवेत, मास्तर अर्ध्या दाढीनिशी खुर्चीत आणि हा सूर्यफुलं, शंख, वादळाचे ढग असं काय काय बरळत सुटलेला. दुसऱ्या दिवसापासून दुकानाची भिंत रंगू लागली. पाववाल्याचा भोवरा गोगलगायीसारखा, पोस्टमनचा चक्रीवादळासारखा. गिऱ्हाइकं केस कापायला येत आणि भिंतीवर आपलं डोकं शोधत बसत.

भिंतीची मधली जागा त्याने राखून ठेवली होती. तिथे सासऱ्यांचे भोवरे हवे होते. दोन उलट्या फिरक्या समोरासमोर आल्या की मधले केस जातात कुठे, या विचाराने त्याला घास गोड लागेना. लग्न झालं, वर्षं गेली, पण टोपी काही निघेना. उन्हाळ्यात सासऱ्यांना ऊन लागायचं, हिवाळ्यात थंडी. केस फुकट कापून देतो म्हटलं, तर म्हणाले, आमचा न्हावी ठरलेला आहे. हे मात्र जावयाच्या फार जिव्हारी लागलं.

शेवटी बायकोने बापाला हाताला धरून दुकानात आणलं. सासऱ्यांनी भिंत पाहिली. गोगलगाय पाहिली, वादळ पाहिलं, मधल्या रिकाम्या जागेपाशी थबकले आणि खुर्चीत जाऊन बसले. जावयाने ब्रश काळ्या रंगात बुडवला.

टोपी निघाली. खाली तुळतुळीत टक्कल.

"बाबा, भोवरे?" जावयाने विचारलं.

"होते की. सासूबाईंना विचारा तुमच्या." सासऱ्यांनी आरशात पाहत टोपी परत चढवली. "नाहीतर मी टोपी काय हौसेने घालतो, जावईबापू?"

मधल्या जागेवर आता दरपत्रक लावलंय.