पेजेची वेळ

मालन तावडेला तिच्या मनाविरुद्ध जागचं हलवणं कोणाच्या बापाला जमलं नव्हतं. आणि यंदा तर पोटचा मुलगाच त्या कामाला लागला! राजेश बदलापूरला राहायला गेला तेव्हापासून एकच धोशा, "आई, चाळीतल्या खोलीला कुलूप लाव आणि आमच्याकडे ये." मालनला परळ सोडायचं नव्हतं. शेवटी मायलेकांत ठरलं. हॉस्पिटलातल्या रुग्णांना पेज, मऊ भात, मुगाचं कढण पुरवायचा तिचा उद्योग महिन्याभरात चालला, तर ती इथेच राहणार. नाहीतर तीस तारखेला बाडबिस्तरा बांधायचा.

हा उद्योग तिला सुचला तो नवऱ्याच्या, वसंतच्या, आजारपणात. त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. पाचव्या दिवशी सकाळी राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "आज पेज द्या." मालन घरी धावली, पेज घेऊन आली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको मात्र, जळगावकडची बिचारी, रिकामा डबा घेऊन सगळा रस्ता पालथा घालून आली. वडा मिळत होता, डोसा मिळत होता, पेज कुठेच नाही. मालनने अर्धी तिला दिली. वसंतने चार चमचे घेतले आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

मालनची भाची प्राची जुन्या गिरणीच्या जागेवर झालेल्या काचेच्या इमारतीत जाहिरातींचंच काम करते. तिने मावशीची जाहिरात लावून दिली. कोणी मोबाईलवर 'परळ पेशंट जेवण' असं शोधलं, की मालनचं नाव सगळ्यांच्या वर दिसणार. पण ऐपत बेताची, म्हणून रोज दोनच तास. प्राचीने बारा ते दोन निवडले. जेवणाची वेळ! शिकलेल्या पोरीला कोण नाही म्हणणार?

फोन आले, नाही असं नाही. "चिकन थाळी आहे का, मावशी?" "दोन बिर्याणी, पटकन." एकाने तर चिकन लॉलीपॉप मागितलं. "आजाऱ्याचं जेवण आहे हे, तुझ्या वरातीचं नाय!" असं सुनावून मालनने फोन आपटला. पेज मागणारा एकही नाही. बघता बघता एकोणतीस तारीख उजाडली.

"मावशी, बारा ते दोनलाच सगळ्यात जास्त लोक जेवण शोधतात," प्राची म्हणाली. "रिपोर्टच तसं सांगतो."

"तुझो रिपोर्ट कधी वॉर्डात बसललो काय?" मालन उसळली. "भुकेली माणसं शोधतात गो ती. आजाऱ्याचं माणूस भुकेच्या वेळी नाही शोधत. डॉक्टर 'आज पेज द्या' म्हणून पुढच्या खाटेकडे वळले, की शोधतं. तेव्हा साडेनऊ झालेले असतात. बारापर्यंत त्याने आजाऱ्याचं चहाबिस्किटावर भागवलेलं असतं."

प्राचीने मोबाईल उघडला. एवढी हुशार पोर, पण वॉर्डात बसायची वेळ तिच्यावर आली नव्हती. देव करो आणि न येवो! तिने तिथल्या तिथे वेळ बदलली. नऊ ते अकरा.

तीस तारखेला सकाळी राजेश नवं कुलूप घेऊन हजर. मालनने तरीही पेज शिजवून ठेवलीच होती. पावणेदहाला फोन वाजला. पलीकडे एक बाई होती, घाबरीघुबरी झालेली.

"पेज मिळेल का हो? डॉक्टरांनी आत्ताच सांगितलंय. मला इथून हलता येत नाही."

"मिळतली गो बाय. वॉर्ड सांग."

वॉर्ड तोच निघाला, वसंतचा. तिसरा मजला. मालनने डबा भरला, पण ती दारातच थांबली. वसंत गेल्यापासून तीन वर्षं ती त्या जिन्याकडे फिरकली नव्हती. राजेशने आईच्या हातातला डबा घेतला आणि दोघं निघाली.

खाटेवरच्या माणसाला त्याची बायको भरवू लागली. मालन खाटेच्या पायाशी उभी राहून चमचे मोजत होती. एक, दोन, तीन, चार. चौथ्यानंतर तो थांबला. मग त्याने पुन्हा तोंड उघडलं. पाचवा! मालनने पदर डोळ्यांना लावला आणि कशीबशी म्हणाली, "मीठ बरोबर आसा मा?"

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन पुन्हा वाजला. तिचा पदर अजून डोळ्यांनाच होता. राजेशनेच तो घेतला, पलीकडचं ऐकलं आणि आईकडे पाहिलं.

"हो, मिळेल ना," तो म्हणाला. "वॉर्ड कुठला?"