आवाजाचा रकाना

माझा दादा कर्णबधिर मुलांच्या शाळेत वायरमन आहे. वहिनी तिथेच शिकवते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मी तिथल्याच ऑफिसात कारकून. त्यामुळे आमच्या घराला शाळेपासून सुटका नाही.

यंदा वसतिगृहाची भिंत खचली आणि वहिनीच्या वर्गातली सहा मुलं आपापल्या गावी गेली. वर्ग व्हिडिओवर सुरू झाला. पण फुकटातली सेवा ती, पाऊण तासात बंद पडायची आणि चित्र मध्येच गोठायचं. बोलण्यातला एखादा शब्द गेला तरी अंदाज येतो, पण खुणा करणारी बोटं अर्ध्यात थांबली की काही म्हणजे काही कळत नाही. तशात खात्याचं पत्र आलं. दोन आठवड्यांनी सोमवारी साहेब वर्ग बघणार, नीट चालला नाही तर तो बंद आणि मुलं गावातल्या नेहमीच्या शाळेत. तिथे खुणेने बोलणारं एक माणूस नाही. वहिनीने पत्र दोनदा वाचलं आणि त्या दिवशी घरात कोणाशी हातच हलवले नाहीत.

दादा मुख्याध्यापकबाईंकडे जाऊन सांगून आला की आपलाच सर्व्हर उभा करतो. ट्यूबलाइट बदलणारा माणूस! मी म्हटलं, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही सोय आमच्या शाळेत फार थोड्यांना आहे.

अडगळीतला एक कॉम्प्युटर पुसून त्याने त्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली आणि व्हिडिओ-वर्गाचं सॉफ्टवेअर घातलं. चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक कमांड आधी वहीत लिहायची, मग टाइप करायची. तिसऱ्या दिवशी तो आणि वहिनी दोन खोल्यांत बसून अर्धा तास खुणांनी भांडले, आणि चित्र एकदाही अडलं नाही. दादाचे पाय जमिनीवर नव्हते. मग तिसरी म्हणून मी माझ्या फोनवरून आत शिरले आणि सगळ्यांच्या चौकटी काळ्या पडल्या.

"तुझाच पायगुण," तो म्हणाला.

दोन दिवस घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. दोघंच असले की दोन यंत्रं परस्पर बोलतात, सर्व्हरला विचारतही नाहीत. तिसरा आला की सगळं सर्व्हरमधून जातं, आणि सर्व्हरची राखण करणाऱ्या फायरवॉलमधली नेमकी तीच वाट दादाने बंद ठेवली होती. ती उघडली आणि सहाही मुलं एकदम दिसली. वहिनी रडली, मीही.

उरली एक कटकट. ज्याच्याकडून आवाज येईल त्याचं चित्र मोठं व्हायचं. एका मुलीचा कुत्रा सारखा भुंकायचा, म्हणून वहिनी शिकवत असली तरी पडद्यावर मोठा तो कुत्राच. दादाने सर्व्हरवरचा आवाजच बंद करून टाकला. त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

सोमवारी साहेब त्यांच्या ऑफिसात बसूनच पडद्यावरच्या वर्गात आले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. दादाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आवाज सुरू करायचा तर चालू वर्ग तोडावा लागणार. एवढ्यात साहेबांनी लिहिलं, "आवाज येत नाही. असा वर्ग कसा चालणार?"

मला वाटलं, संपलं सगळं. दादा उठला, पण वहिनीने त्याला खुणेने खाली बसवलं आणि टाइप केलं, "साहेब, दहा मिनिटं फक्त बघा."

धडा हृदयाचा होता. तिने दोन मुठी छातीशी धरून रक्त आत घेतलं, बाहेर सोडलं. एका मुलाने उलट्या बाजूने सोडलं तर कुत्रेवालीने त्याला तिथल्या तिथे टोकलं. दहा मिनिटं झाली, पाऊण तास झाला, साहेब जागचे हलले नाहीत. शेवटी त्या मुलीने त्यांच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. वहिनीने लिहिलं, "ती म्हणते, तुम्हाला समजलं का?"

साहेबांनी छातीशी मूठ धरली, उघडली, मिटली. सहाच्या सहा मुलं दोन्ही हात वर करून हलवू लागली. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजतात.

अहवाल माझ्या टेबलावर आला. वर्ग चालू ठेवावा, असा शेरा होता. 'आवाजाचा दर्जा' या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं, "गरज भासली नाही."

फायलीला लावण्याआधी मी त्याची प्रत काढली आणि दादाच्या वहीत, शेवटच्या कमांडखाली चिकटवली. त्याला अवलक्षण म्हणाले होते, ते शब्द मी परत घेतले.