नोहाच्या पाठीमागचा आवाज

क्लेमो हेंड्रा जन्मभर दुसऱ्यांच्या पाठीमागे उभा राहिला. होता कोळी, पण लहानपणी मठात लाकडं फोडता फोडता वाचायला शिकला. म्हणून उन्हाळ्यात गावाच्या गोल रिंगणात धर्मनाटक लागलं की पोथी त्याच्या हाती यायची. इंग्लंडच्या पश्चिम टोकाचे, कॉर्निश बोलणारे आपले नट पाठांतराच्या फंदात पडत नसत. क्लेमोने मागून ओळ कुजबुजायची आणि नटाने ती हात पसरून गर्जायची, अशी रीत. नट अडखळला की शिव्या मात्र क्लेमोला.

प्रलयाच्या खेळात तारू बांधणारा नोहा व्हायचा त्याचा धाकटा भाऊ पास्को. दोघांचं बोलणं बंद होतं. एकदा वारा बघून पास्को नको म्हणाला, तरी क्लेमोने ते हसण्यावारी नेलं आणि पुतण्याला, पेरनला, होडीत घेतलं. परत आला तो एकटाच. भावाच्या दारात उभा राहून म्हणाला काय, तर ‘समुद्राची मर्जी.’ पास्कोने दार लावून घेतलं. तेव्हापासून क्लेमोचा शब्द त्याच्या कानी जायचा तो फक्त नाटकात, आणि तोही पोथीतला. हेकटपणालाही काही सुमार असावा.

यंदा बातमी आली, लंडनचा हुकूम सुटलाय. देवळात यापुढे इंग्रजीच, आणि कॉर्निश नाटकंही बंद होणार.

“देवाला तरी इंग्रजी येतं का?” नाटकाला रिंगणाच्या बांधावर बसलेल्या एका खाणकाम्याने विचारलं.

“शिकेल बापडा,” त्याची बायको म्हणाली. “तुम्हालाच नाही जमायचं.”

क्लेमोला भाषेचं वाईट वाटलंच. पण खरी धास्ती वेगळीच होती. नाटक गेलं की भावाच्या कानापर्यंत जायची वाटच बुजली.

खेळ सुरू झाला आणि जनावरं तारवात गेली. नोहा दारात उभा राहिला. क्लेमो नेहमीसारखा तारवाबाहेर, दाराजवळच्या फळीआड, त्याच्या कानामागे. आता नोहाने प्रलयात बुडणाऱ्यांचा निरोप घेऊन दार लावायचं होतं. क्लेमोने पोथी मिटली.

“पास्को, तू नको म्हणाला होतास. मी ऐकलं नाही. पोराला मी बुडवलं.”

पास्कोचे हात सवयीने पसरले, तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. बांधावरची माणसं ताटकळली.

“नोहाबाबा, उरका की,” बुडणाऱ्यांतला एक म्हणाला. “पाणी गळ्याशी आलंय आमच्या.” सगळं रिंगण हसलं.

पास्को मागे वळला. नाटकात नोहा कधी मागे वळत नसे. क्लेमोला पळून जावंसं वाटलं, पण तो हलला नाही.

“हे तेव्हा दारात सांगायचं होतंस,” पास्को हळू म्हणाला. “त्याची आई होती तोवर.”

क्लेमोने पोथी पुन्हा उघडली. त्याचे डोळे भरून आले होते आणि पोथीतलं काही दिसत नव्हतं. पास्कोने दाराला हात घातला, पण ते ओढलं नाही. अंग चोरून त्याने बाजूला थोडी जागा केली.

“आत ये, दादा,” तो म्हणाला. “दार लावायचंय मला.”