पांढरीतल्या बांगड्या आणि वाळूतला माग

घरात दोन आठवडे बोलणं बंद होतं, म्हणून आम्ही समुद्र बघायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, अण्णा. मी वाळूजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते आणि संभाजीनगरात राहते. अण्णा बिडकीनजवळच्या आमच्या गावी राहतात. पूर्वी त्यांची दीडशे मेंढरं होती. आता चार शेळ्या, अडीच एकर मोसंबी आणि भरपूर मतं आहेत.

भांडण पांढरीवरून होतं. गावाच्या कडेला जुन्या वस्तीचं एक टेकाड आहे, त्याला आमच्याकडे पांढरी म्हणतात. हजारो वर्षांची राख, हाडं, पडक्या भिंती सगळं मिसळून तिथली माती पांढरट आणि कसदार झालेली असते. त्यामुळे पेरणीआधी ती उकरून ट्रॉलीनं वावरात टाकायची, ही आमच्या भागातली पिढ्यानपिढ्यांची रीत. तिचा वीसेक गुंठ्यांचा तुकडा आमच्या सातबाऱ्यावर आहे. यंदा अण्णांनी पाडव्यानंतरच्या आठवड्यात जेसीबी सांगून ठेवला होता, सगळी पांढरी एकदाच उचलून मोसंबीला घालायची म्हणून. आणि नेमकी यंदाच मला अक्कल सुचली होती. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका मॅडमबरोबर आम्ही काही हौशी लोक रविवारी गावोगाव फिरतो. जुनी टेकाडं, वीरगळ, बारवा बघतो, मोजतो, फोटो काढतो. मी घरी सांगितलं, पांढरी खणायची नाही. अण्णा म्हणाले, "नवऱ्याच्या घरून येऊन बापाची जमीन शिकवू नको."

मग मॅडम घरी आल्या. अण्णांचा एक जुना तंबाखूचा डबा आहे. मेंढरं चारताना पांढरीवर सापडलेले पांढरे, बाकदार तुकडे त्यात जपून ठेवलेले. मॅडमनी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अण्णा, ही शंखाची बांगडी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी समुद्रावरून, बहुधा गुजरातकडून, शंख आणून इथं कापला."

अण्णांनी तुकडा परत हातात घेतला. मग एवढंच, "समिंदर हितून किती लांब?"

सदुसष्ट वर्षांच्या माणसानं समुद्र बघितला नव्हता. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "जेसीबी येईस्तोवर मोकळाच हाय."

सकाळी सहाची पुण्याची बस पकडली. आता आमच्या तिकिटाची गंमत ऐका. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ज्येष्ठांनाही अर्धं. कंडक्टरनं आमच्याकडे बघून विचारलं, "दोन अर्धे का?" अण्णा म्हणाले, "व्हय. दोघं मिळून एक माणूस." हे दोन आठवड्यांतलं त्यांचं माझ्यासमोरचं पहिलं विनोदी वाक्य. ज्यांना आमच्यासारखं संभाजीनगरातून जायचंय त्यांना माझा सल्ला: हट्ट करू नका, पुण्यात एक मुक्काम करा. आम्ही स्वारगेटजवळ साध्या लॉजवर राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून दुसरी बस, आणि शेवटचे काही किलोमीटर सहाआसनी रिक्षा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर घाटात पुढची सीट मागून घ्या आणि खिशात आवळासुपारी ठेवा.

घाटात अण्णा काचेला नाक लावून बसले होते. वाळलेलं गवत डोंगरभर पसरलेलं. "एवढा चारा आन् एक मेंढरू नाय," ते हळहळले. मी सांगितलं, इथल्या पावसात मेंढरं टिकत नाहीत. "मग गवताला काय अर्थ हाय?" असं म्हणून त्यांनी कोकणाचा निकाल लावून टाकला.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रायगड आणि रत्नागिरीच्या सीमेवरचं छोटं गाव आहे, आणि किनारा शांत आहे म्हणूनच तिथं कासवं येतात. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला वाळूवर चढतात, आणि फेब्रुवारी ते मे पिल्लं बाहेर पडतात. असे किनारे कोकणात बरेच आहेत, शोधलं की सापडतील. जाताना रोख पैसे न्या, फोनला सगळीकडे रेंज मिळेल अशी आशा ठेवू नका, आणि पिल्लं दिसतीलच असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आम्ही सुलभाकाकूंच्या घरी उतरलो. दोन वेळचं जेवण, चहा, राहणं मिळून माणशी नऊशे. पहिल्याच जेवणात अण्णांनी तांदळाची भाकरी उलटसुलट करून बघितली. "ही आजारी माणसाची भाकर दिसती." सोलकढीची वाटी त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "ताक लाल कशानं झालं?" काकूंनी ऐकलं आणि त्या पदराआड हसल्या. पण तिसरी वाटी अण्णांनी स्वतःहून मागितली, तेव्हा हसण्याची पाळी माझी होती. मासे मात्र त्यांनी शेवटपर्यंत संशयानं खाल्ले.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. ते पायजमा वर करून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. बोट बुडवून चाखलं. "एवढं पाणी आन् प्यायला घोट नाय. आपलं जायकवाडी बरं." मी हसत होते, तेवढ्यात त्यांनी बंडीच्या खिशातून डबा काढला. बांगडीचा एक तुकडा तळहातावर ठेवून लाटेखाली धरला, आणि पाणी ओसरेपर्यंत हात तसाच ठेवला. मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता असं आता वाटतं, पण तेव्हा हात उचलला नाही.

प्रकाशदादा हे तिथले कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून राखणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी आम्हाला जाळीच्या कुंपणापाशी बोलावलं. आत वाळूत ओळीनं घरटी होती, प्रत्येकावर टोपली, प्रत्येकाला पाटी: अंडी कुठं मिळाली, कधी, किती, किती खोल. त्यांनी एक टोपली उचलली आणि खालून वाळू हलायला लागली. तळहाताच्या निम्म्याएवढी काळी पिल्लं एकमेकांच्या डोक्यावर पाय देत वर आली. ती पाण्यापासून थोडी अलीकडे सोडली. बघणाऱ्यांना मध्ये यायला मनाई होती. एक पिल्लू उलटं पडलं, तेव्हा अण्णांचा हात आपसूक पुढे गेला, पण दादा म्हणाले, "थांबा बाबा, त्याला शिकू दे." ते सरळ झालं आणि लाटेत गेलं. अण्णांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"हे कुंपण म्हंजी आमची वाघूरच," अण्णा म्हणाले. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "पर अंडी जिथल्या तिथं का नाय ठेवत?"

"कोल्हे, कुत्री उकरतात," दादा म्हणाले. "आणि आधी तर आम्हीच उकरायचो. माझा बापूस पाटीभर अंडी काढून आणायचा, मी खाल्लीत. वाटायचं, दर्याचं फुकटचं आहे, नेलं तर कोणाचं काय जातं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. पांढरीच्या मातीबद्दल ते दरवर्षी 'फुकटचं खत' हाच शब्द वापरतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी जे झालं, त्यासाठी ही सगळी पोस्ट लिहिते आहे. अण्णा पहाटे उठणारे. मी जागी झाले तेव्हा ते किनाऱ्यावर निघून गेले होते. उजाडताना मी आणि दादा तिथं पोचलो, तर अण्णा लांबवर काठी घेऊन उभे, आणि थोड्या अंतरावर दोन कुत्री बसलेली. आम्हाला बघून त्यांनी आनंदानं हात हलवला. "या या! कासवीण येऊन गेली. अंडी वाळूत हायेत. कुत्र्याला जवळ फिरकू दिलं नाय."

दादा धावतच गेले, आणि जागेवर पोचून थबकले. वाळू सपाट होती. पंचवीस-तीस पावलांच्या पट्ट्यात एकही ठसा नव्हता.

"माग कुठं आहे?"

"झाडून काढला," अण्णा म्हणाले. हातात सुरूची फांदी होती. "लांडग्याच्या रानात मेंढी व्याली की आम्ही तसंच करतो. वार पुरायची, माग मोडायचा, वर माती सारखी करायची. जनावराला जागा कळू द्यायची नाय."

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, कुत्रा वासावर येतो, त्याला मागाची गरज नाय. माग आम्हाला लागतो. कासवीण कुठून आली, कुठं वळली, कुठं बसली, ते ठशातच असतं. ठसे गेले की अंडी असून नसल्यासारखी."

अण्णांचा चेहरा मी आयुष्यात इतका उतरलेला बघितला नव्हता, मेंढरं विकली त्या दिवशीसुद्धा नाही. "ह्याच्याच आसपास हाय," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, पण सारखी केलेली वाळू सगळीकडे सारखीच. दादा काठी हलक्या हातानं खुपसत इंच इंच पुढे सरकू लागले. जोर जास्त झाला तर अंडं फुटणार. ऊन वर आलं तर काढलेली अंडी हलवणं धोक्याचं. मी काहीच करू शकत नव्हते आणि मला अण्णांची दया येत होती. दोन आठवड्यांचा सगळा राग कुठं गेला कोण जाणे.

तासाभरानं काठी एका जागी मऊ गेली. दादांनी हातानं वाळू बाजूला केली. खाली पिंगपाँगच्या चेंडूंसारखी पांढरी अंडी होती. दोन काठीनं फुटली होती. बाकीची त्यांनी एकेक करून, जशी होती तशीच, न फिरवता टोपलीत ठेवली, आणि कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरली. नव्या पाटीवर जागा लिहिली, पण कासवीण कुठून आली ते अण्णांनी बोटानं दाखवलेल्या दिशेवरून अंदाजानंच. अण्णांना दादा दोनदा म्हणाले, "तुम्ही नसता तर कुत्र्यांनी सगळी खाल्ली असती हो." ते खरंही होतं.

काकूंनी उकडीचे मोदक केले होते, अण्णांनी एकही खाल्ला नाही. पडवीत बसून त्यांनी डबा उघडला, तुकडे उपरण्यावर मांडले आणि मला विचारलं, "पांढरीचं बी असंच हाय व्हय गं? हे मी उचललं तवा माग मोडला?"

मॅडमनी मला पहिल्याच रविवारी हेच शिकवलं होतं. वस्तू नुसती सापडून उपयोग नसतो, ती कुठं, किती खोल, कशाशेजारी होती, त्यातूनच गोष्ट कळते. आणि जेसीबी तर सगळंच सारखं करतो. एरवी मी हे भाषण त्यांना दहादा ऐकवलं असतं. त्या दिवशी फक्त "व्हय अण्णा" म्हटलं.

परत यायला पुन्हा दोन दिवस लागले. आमच्या बसस्थानकावर उतरल्यावर त्यांनी माझा फोन मागितला आणि जेसीबीवाल्याला सांगितलं, "येऊ नको. पुढल्या साली बी नको."

पुढच्या रविवारी मॅडम आल्या. अण्णा डबा घेऊन पांढरीवर चढले. एकेक तुकडा हातात घ्यायचे, डोळे बारीक करायचे आणि चालायला लागायचे. "हा त्या बोरीपाशी, काळी मेंढी लंगडली होती तवा." "हा पावसानं कड ढासळली तिथं." मेंढपाळाची आठवण अशी असते. मॅडम लिहून घेत होत्या, मी फीत धरली होती. एकतीस तुकड्यांपैकी एकोणिसांची जागा लागली. बारा उरले. "हे नाय आठवत," अण्णा म्हणाले, आणि ते बारा त्यांनी एकेक करून परत डब्यात ठेवले.

मोसंबीला खत लागणारच होतं. मेमध्ये अण्णांनी कन्नडकडच्या एका नातलगाला बोलावून त्याची मेंढरं आमच्या वावरात बसवली. लेंड्यांपेक्षा चांगलं खत नाही, आणि ही रीतही आमच्याकडची जुनीच. सकाळी मी गावी गेले तेव्हा अण्णा वाघुरीशेजारी बसून चहा पीत होते. इतके खुश मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

तेवढ्यात प्रकाशदादांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "बाबा, तुमच्या घरट्यातली निघाली. आत्ताच गेली दर्यात."

"समदी?"

"समदी कुठली. पण बरीच."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. मेंढरं बेंबाटत होती. मग त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"वाळूत माग उमटलाय का त्यांचा?"

"उमटलाय ना. बारका, बोटाएवढा. लाट येईस्तोवर राहील."

"मग लाटेलाच पुसू द्या," अण्णा म्हणाले. "तुमी कुणी पुसू नका."