राऊलच्या गावचे रेडिओ स्टेशन

राऊल गेल्याची बातमी मला नजीरच्या फोनवरून कळली. नजीर मूळचा रत्नागिरीचा. दोह्यातील एका नव्या स्टेडियममध्ये ध्वनिक्षेपक बसवणाऱ्या तुकडीचा फोरमन. राऊल त्याच तुकडीतील मेक्सिकन तंत्रज्ञ. "साहेब, सकाळी चहाला आला नाही, म्हणून दार वाजवलं..." एवढे सांगून नजीरने फोन ठेवला. समोर एका गृहस्थांचा व्हिसाचा अर्ज अर्धा टाइप झाला होता. तो मी पूर्ण केला आणि त्यात दोन चुका केल्या.

दोह्यातल्याच मुशैरिब भागाजवळच्या टायपिंग सेंटरमध्ये गेली अनेक वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंतचे असले, तरी माझा मसुदा सहसा परत येत नाही, हे येथील आपली मंडळी जाणतात. विश्वचषकाच्या तयारीचे दिवस होते, शहर जागोजागी खणलेले होते, अशा काळात नजीर राऊलला माझ्याकडे घेऊन आला. आपल्या लोकांत राहून तो मोडकीतोडकी हिंदी शिकला होता. काम साधे वाटले : त्याच्या गावातील रेडिओ स्टेशनचा इतिहास, इंग्रजीत, एका पानात.

ते स्टेशन त्याच्या आईने मक्याच्या गिरणीमागील खोलीत सुरू केले होते. डोंगरातले गाव, विखुरलेली घरे, फोन लागण्याची मारामार. आईमागे राऊल आणि त्याची बहीण ते चालवू लागले. पुढे वीज पडून प्रक्षेपणाचे यंत्र जळाले आणि स्टेशन बंद पडले. नव्या यंत्रासाठी राऊल कतारला आला होता. त्यातच एक परदेशी संस्था अशा स्टेशनांना दरवर्षी यंत्रे देते, असे त्याला कळले. अर्जासोबत तिला फक्त स्टेशनचा इतिहास हवा होता.

राऊल बोलत गेला, मी टिपत गेलो. कोणाचे खेचर कोणाच्या मक्यात शिरले, शहरात गेलेल्या कोणाच्या मुलाने काय निरोप धाडला, कोणाची बाळंतीण अडली आहे... गावात कोणी गेले, की मायक्रोफोनपुढे टांगलेल्या लोखंडी पाइपावर तीन ठोके पडत आणि नाव सांगितले जाई. मग डोंगरापलीकडची माणसेही हातचे काम टाकून निघत. नजीर हसून म्हणाला, की स्टेडियमच्या कर्ण्यांची चाचणी घेतानाही हा एक-दोन-तीन म्हणत नाही. रिकाम्या खुर्च्यांना हरवलेल्या खेचराची खबर देतो.

मी मात्र गंभीर होतो. खेचरांच्या नावावर यंत्रे मंजूर होत नसतात, असे दोघांना समजावून मी लाल पेन्सिलीने एकेक ओळ कापली. खेचर गेले, निरोप गेले, तीन ठोकेही गेले. 'सदर केंद्राने दीर्घकाळ बहुमोल लोकसेवा केलेली आहे', एवढे उरले. राऊलला इंग्रजी बेताचेच वाचता येई. टाइप केलेला कागद पाहून त्याने मान डोलावली आणि मोठ्या विश्वासाने तो पाठवला.

काही महिन्यांनी नकार आला. हे केंद्र लोकांना नेमके कसे उपयोगी पडते, याचा बोध होत नाही, असे त्यात होते. नजीर म्हणाला, "साहेब, तुमच्या अर्जात माणूस शोधायला दुर्बीण लागते." मला राग आला. राऊल चिडला नाही. माझा मसुदा त्याने नजीरकडून शब्दशः समजून घेतला होता. तो टेबलावर ठेवून म्हणाला, "भाई, कागज बहुत अच्छा है. लेकिन इसमें मेरा गाँव किधर है?"

त्या वर्षीची मुदत संपली होती. पुढच्या वर्षी पुन्हा लिहू, असे मी म्हणालो. तो म्हणाला, इन्शाल्ला...

त्याआधीच तो गेला. त्याला मायदेशी पाठवण्याचे कागद मीच टाइप केले. त्यांतला एकही परत आला नाही. बहिणीचे पत्र नंतर आले, ते कंपनीतल्या स्पॅनिश जाणणाऱ्या एकाने आम्हाला वाचून दाखवले. शवपेटी कळवलेल्या दिवसाच्या आधीच पोहोचली होती. बहीण खबर देत घरोघर फिरली, पण डोंगरापलीकडे एका दिवसात किती फिरणार... दफनाला थोडीच माणसे आली. आठवडा उलटल्यावर वाटेत भेटलेल्या एका म्हातारीने तिला विचारले, की राऊल सुट्टीवर कधी येतो आहे.

ते जुने टिपण माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. लाल रेघांखालची अक्षरे अजून स्वच्छ वाचता येतात. त्यातले काहीही न गाळता मी नवा मसुदा केला आणि बहिणीच्या नावाने संस्थेकडे पाठवला. उत्तर आलेले नाही. लोक येतात, काचेवर पासपोर्ट ठेवतात, घरचे सांगू लागतात. मी हल्ली कोणाला मध्येच थांबवत नाही. तरीही बोलणे लांबले, की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो... आणि मग पासपोर्टच्या कडेशी, काचेखाली, ती कापलेली तीन ठोक्यांची ओळ दिसते.