समुद्रावरून आलेला फोन

आमच्या दीपमालाबद्दल नाशिकजवळच्या मखमलाबादेत लोक काय वाट्टेल ते बोलतात. चीनला जाऊन शेफारली म्हणे. सख्ख्या बहिणीशी धड बोलत नाही म्हणे. बोलू देत. ती सख्खी बहीण मी, भाग्यश्री, आणि ती माझ्याशी धड बोलत नाही हे अगदी खरं आहे. का बोलत नाही, हेही या लोकांना चांगलं ठाऊक आहे, कारण त्या दिवशी हे सगळे आमच्याच घरात सतरंजीवर बसले होते. पण कबूल कोण करतो?

आमचा मळा फुलांचा. गुलाब, शेवंती, हंगामात झेंडू. आमचे वडील कारभारी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पहाटे तोडणीला लागायचे आणि उजाडायच्या आत पाट्या घेऊन पंचवटीच्या फुलबाजारात. फुलांना रविवार नसतो, असं ते म्हणायचे. गुलाब आज तोडला नाही तर उद्या तो झाडावरच पाकळ्या टाकतो, मग कसली सुट्टी नि कसलं काय. दीपा नववीत होती तेव्हा शाळेची सहल अलिबागला निघाली. ऐन लग्नसराई, मळ्यात माणूस मिळेना. दादा म्हणाले, “पुढच्या साली समदेच जाऊ, दोन दिवस राहू.” पुढच्या साली काय, पुढच्या पाच वर्षांत कुणी गेलं नाही. नाशिकहून समुद्र असा किती लांब? पण आमच्या घरात तो कुणी पाहिला नव्हता.

दीपा लहानपणापासून भोळी. सांगितलं ते खरं मानणार. एकदा मी तिला म्हटलं, गुलाबाचा काटा पोटात गेला तर आत झाड उगवतं, तर ही बया आठ दिवस भातसुद्धा चावून चावून खात होती. मी सांगेन ती पूर्व दिशा. अभ्यासात मात्र माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. बारावीला थोडक्यात सरकारी सीट हुकली. दादांना फुलबाजारात कुणीतरी सांगितलं की दिंडोरीचा एक मुलगा डॉक्टरकीला चीनला गेलाय, इथल्यापेक्षा परवडतं. झालं, दादांच्या डोक्यात तेच. आमची आक्काबाई आत्या, दादांची मोठी बहीण, तिने कपाळावर हात मारला.

“चीनात? आन तिथं पोरगी खाईल काय, बेडूक?”

“भात खाईल,” दादा म्हणाले. “ते बी आपल्यासारखाच भात खात्यात.”

२००४च्या सप्टेंबरात दीपा गेली. जिनान नावाचं शहर. दादांनी मुद्दाम स्पीकरवाला फोन आणला, म्हणजे तिचं बोलणं सगळ्यांना एकदम ऐकू यावं. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दादा नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे त्यात ओरडायचे. ती हसायची, “दादा, हळू बोला, होस्टेल जागं होतं.” दादांना मुलगा नाही. भाऊबंदांपैकी कुणी बोललं की ते सरळ सांगायचे, “माझ्या टायमाला दीपाच पुढं होईल. आग बी तीच देईल, पाणी बी तीच.” हे त्यांनी दीपासमोर सांगितलेलं आहे, माझ्यासमोर आणि आत्यासमोरही.

२००६च्या जूनमध्ये, सव्वीस तारखेला, सोमवारी सकाळी दादा गुलाबाच्या ओळीत बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय अवघं चौपन्न. माझं सासर गावातच, मी अनवाणी पळत आले. आईला, सिंधुबाईला, शुद्ध नव्हती. मी फोनकडे गेले तर आत्याने माझं मनगट धरलं.

“दीपीला कळवायचं नाय. परीक्षा चालू हाय तिची. पेपर टाकून येईल, वर्स जाईल. आन आली तरी तोंड दिसणार हाय का? आग द्यायला भारत हायच की.”

भारत म्हणजे आमच्या काकांचा मुलगा. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मलाही ते पटलं. परीक्षा म्हटलं की आमच्याकडे देवसुद्धा दाराबाहेर थांबतो. दादा स्वतः असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, असं मी मनाला समजावलं. ते असते तर, हे किती मूर्खपणाचं बोलणं आहे ते तेव्हा लक्षात आलं नाही.

एक तारखेला तिचा शेवटचा पेपर झाला. दोन तारखेला रविवार. मी ठरवलं होतं, आज सांगायचं. दहावा बुधवारी होता. आज कळलं असतं तर मिळेल त्या विमानाने ती मंगळवारी घरी पोचली असती. रामकुंडावर तिने दादांना पाणी दिलं असतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. फोन वाजला, मी उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत ती ओरडली, “ताई, आम्ही समुद्रावर चाललोय!”

सहाजणी मिळून चिंगदाओला जाणार होत्या. तिची मैत्रीण हर्षाली, जळगावची, तिने तिकिटं काढली होती. मंगळवारी निघायचं, गुरुवारी परत. “ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार गं!” तिचा आवाज असा झाला होता की मला ते वाक्य बोलवेना. दोन वर्षं पोरीने एक सुट्टी घेतली नव्हती. मला वाटलं, चार दिवस तिला राहू दे. चार दिवसांनी दादा काही जास्त मरणार नव्हते.

“दादा कुठायत?”

“दिंडोरीला गेलेत. रोपं बघायला.”

“आई?”

“झोपलीय. जरा ताप आहे.”

“तिला आल्याचा काढा दे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. हा गुन्हा माझा. आत्याचा नाही, भाऊबंदांचा नाही. पहिले सहा दिवस सगळ्यांचे, पण तिथून पुढचा एकेक दिवस माझा एकटीचा.

बुधवारी दशक्रिया झाली. पुरुषमंडळी रामकुंडावरून परत आली, भारतचं डोकं तुळतुळीत. जेवणं व्हायची होती. घरात तीस-पस्तीस माणसं. दुपारी एकच्या सुमाराला फोन वाजला. रविवार नव्हता, पण मला कळलं कोणाचा असेल ते. आत्यालाही कळलं.

“गप्प बसा समदे! दीपीचा फोन हाय. कुणी हूं की चूं करायचं नाय.”

घर एकदम गार झालं. काकूने मांडीवरच्या नातवाचं तोंड दाबलं. मी रिसीव्हर उचलला तर आई सरकत सरकत आली. रडून रडून तिचा घसा पार बसला होता, तिला बोलता येत नव्हतं. तिने बोट स्पीकरच्या बटणावर ठेवलं. लेकीचा आवाज तिला ऐकायचा होता. मी तरी नाही कशी म्हणणार?

“ताई! मी पाण्यात उभी आहे! गुडघ्याएवढ्या! पायाखालची वाळू सरकते गं, पडते की काय वाटतं! दादांना बोलाव, पटकन!”

“दादा… मळ्यात गेलेत.”

“एवढ्या उन्हात?”

“औषध मारायला.”

“काय बाई हे दादा! बरं, मग तुम्हीच ऐका. मी मोबाइल खाली धरते. आणि दादांना सांग कसा आवाज येतो ते.”

मग समुद्राचा आवाज यायला लागला. आधी खरखर, मग मोठा घोष, मग थोडं थांबून पुन्हा. मध्येच मुलींचं खिदळणं. दहाव्याला जमलेली तीस माणसं मान खाली घालून ते ऐकत होती. भिंतीशी दादांचा फोटो, त्याला आमच्याच मळ्यातल्या गुलाबांचा हार. आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. भारत उठून बाहेर निघून गेला.

“ऐकलंत?” दीपा परत बोलायला लागली. “दादांना सांग, पुढच्या वर्षी मी आले की त्यांना समुद्रावर घेऊन जाणार आहे. एक दिवस फुलं नाही तोडली तर काही आभाळ कोसळत नाही. सांगशील ना?”

“सांगते.”

“एवढं शांत का गं घरात?”

“दुपार आहे ना.”

“टीव्हीसुद्धा नाही?”

“लाइट गेलीय.”

“बाई बाई, तिकडचं लोडशेडिंग!” ती हसली आणि फोन बंद झाला. एकापाठोपाठ एक खोटं मी बोलले, आणि एकदाही अडखळले नाही. आत्या म्हणाली, “बेस बोललीस गं. पोरगी सुखात हाय, राहू दे.” मग पानं मांडायला सुरुवात झाली. पाच मिनिटांत कुणीतरी भाजीत तिखट कमी आहे म्हणून बोललं. मला त्या क्षणी सगळ्यांना हाकलून लावावंसं वाटलं. मी वाढत राहिले.

तेरावं झालं. नऊ तारखेला, रविवारी, मी तिला सांगितलं. जुळवलेलं वाक्य वगैरे काही आठवलं नाही. “दीपा, दादा गेले गं,” एवढंच म्हटलं. 

“कधी?”

“सव्वीस जूनला.”

ती हिशोब करत होती हे मला इथे कळत होतं. “म्हणजे बुधवारी…”

“दहावा होता.”

“घरात कोण कोण होतं?”

मी एकेक नाव सांगितलं. आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं?

“आग कोणी दिली?”

“भारतने.”

“पाणी?”

“भारतनेच.”

“आणि मी दादांना समुद्र ऐकवत होते,” ती म्हणाली. फोन कट झाला.

पाच दिवसांनी ती आली. लोकांपुढे रडली नाही. आत्या गळ्यात पडली, “तुझ्यासाठीच केलं गं बाई, तुझं वर्स वाचावं म्हून.” दीपाने तिला अलगद बाजूला केलं. “परीक्षा एक तारखेला संपली होती, आत्या. पुढचं माझ्यासाठी नव्हतं. तुम्हाला सोपं गेलं.” एवढं बोलून ती मळ्यात गेली आणि संध्याकाळपर्यंत गुलाबाच्या ओळीत बसून राहिली. मी चहा घेऊन गेले. तिने पेला घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही. पंधरा दिवसांत ती मला एकही कडू शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी पाया पडायलासुद्धा तयार होते.

हर्षालीने काढलेला एक फोटो तिच्या पाकिटात असतो. पाचजणी पाण्यात, दीपा मधोमध, तोंडभर हसतेय, आणि कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली पाच जुलैची तारीख. मी एकदा म्हटलं, फाडून टाक. ती म्हणाली, “का? त्यात खोटं काही नाही.”

परत गेल्यावर तिचा रविवारचा फोन पुन्हा सुरू झाला, पण आता वेगळंच. मी उचलला की ती विचारायची, “सगळे आहेत? एकेकाला फोनवर आण.” आई बोलायची, आईच्या सोबतीला आम्ही तिथेच राहायला आलो होतो म्हणून माझे मिस्टर बोलायचे, माझ्या चार वर्षांच्या पोरीला बोलावं लागायचं, भारतला बोलवायला माणूस पाठवावा लागायचा. आत्या वैतागायची, “जित्ती हाय गं बाई, अजून जित्ती हाय!” घरात सगळे हसायचे. चीनवरून हजेरी घेते म्हणायचे. मीही हसले आहे. ज्या पोरीला माझा शब्द पुरायचा, तिला आता माणसाचा आवाज कानाने ऐकल्याशिवाय खरं वाटत नव्हतं, हे समजूनसुद्धा हसले आहे.

अशी तीन वर्षं गेली. २००९च्या मे महिन्यात तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. त्याच आठवड्यात आई घोटीला गेली, मामाच्या मुलीचं लग्न होतं. मामाचं घर गावाबाहेर भाताच्या शेतांत, तिथे मोबाइलला रेंज नाही. रविवारी दीपाचा फोन आला. मी सांगितलं, आई घोटीला आहे.

“मामांचा नंबर दे.”

दिला. तो लागला नाही. सोमवारी पुन्हा फोन.

“ताई, आई कुठे आहे?”

“अगं, घोटीलाच. गुरुवारी येईल. देवाशपथ.”

“शपथ घेऊ नकोस.”

“मग काय करू? तू पेपरचा अभ्यास कर बरं गुपचूप.”

हे बोलले आणि चूक लक्षात आली, पण तोवर तिने फोन ठेवला होता. मी लगेच भारतला मोटारसायकलवर घोटीला पाठवायला हवं होतं, आईला घेऊन ये म्हणून. पाठवलं नाही. वाटलं, चिडली असेल, होईल शांत. लग्नघरातून आईला उठवून आणायचं जिवावर आलं.

गुरुवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. दीपा उतरली, खांद्याला एकच पिशवी. घरात न येता तिने मला विचारलं, “फोटो कुठे लावलाय?” मला आधी कळेचना कसला फोटो. मग ती चपला न काढता आत शिरली आणि भिंती बघायला लागली. दादांच्या फोटोशेजारची जागा तिने हाताने चाचपली. मी सांगत होते, ओरडून सांगत होते, आई दुपारच्या एसटीने येतेय. ती ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

एक वाजता आई आली. हातात बुंदीची पिशवी, लग्नातली नवी साडी. दीपा उठली, तिने आईचं मनगट धरलं आणि किती वेळ सोडलंच नाही. आई घाबरली. “अगं, तू कशी आलीस? परीक्षा हाय ना तुझी?”

दोन पेपर बुडाले होते. वर्ष गेलं होतं. मला इतका संताप आला, तिचा, माझा, सगळ्या जगाचा, की मी तिला दंडाला धरून हलवलं. “मी खरं सांगितलं होतं की गं तुला! देवाशपथ सांगितलं होतं! वर्ष घालवलंस!”

“माहीत आहे, ताई,” दीपा म्हणाली. आईचं मनगट तिच्या हातात तसंच होतं. “पण दादा मळ्यात गेलेत म्हणालीस, तेव्हाही तुझा आवाज अगदी असाच खरा वाटला होता.”