पाठीवरचा डबा

मला पोहता येत नाही, आणि याचा दोष मी आजही आमच्या ह्यांना देते. अर्धं नागपूर ज्यांच्याकडे पोहायला शिकलं, त्यांची बायको कोरडीच राहिली, हे वाक्य मी लग्नाकार्यांत इतक्यांदा टाकलंय की आता लोक माझ्या आधीच हसतात.

ह्यांची पद्धत भिवापूरकडची, गावच्या विहिरीतली. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, तोंड डांबरानं बंद करायचं आणि दोरीनं पोराच्या पाठीला बांधायचा. आतल्या हवेवर पोर तरंगतं. ते हातपाय झाडू लागलं की हे मागून हळूच दोरी सोडायचे. पोर घाबरून विचारायचं, "डबा आहे ना?" आणि हे म्हणायचे, "आहे, आहे. तू हात चालव." पोर थेट पायरीला लागायचं, वळून पाहायचं, तर डबा विहिरीच्या मधोमध एकटाच डोलतोय. मग रडारड आणि शिव्या. आमची एकुलती लेक तर त्यानंतर बापाशी बोलायलाच तयार नव्हती.

मी नवी नवरी असताना, सारं गाव दुपारचं झोपलेलं पाहून, मलाही उतरवलं होतं. मी एक हात सतत मागे डब्यावर ठेवला. दोरी सोडायची सोयच ठेवली नाही. म्हणून बुडाले नाही आणि शिकलेही नाही.

लेक मोठी झाली आणि तिनंही बापाचाच धंदा धरला. फक्त तिची पोहणारी पोरं केसाच्या जाडीपेक्षाही लहान. इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती पाण्यात सूक्ष्म कण पळवते. ना मोटर, ना सेल. कण म्हणजे एका बाजूनं उघडी इवलीशी वाटी, आणि तिच्यात अडकलेला हवेचा बुडबुडा. बाहेरून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, सोनोग्राफीत असतो त्याच जातीचा. त्या आवाजानं बुडबुडा थरथरतो, मागे पाणी ढकलतो आणि कण पुढे निघतो. कधीतरी असे कण औषध घेऊन थेट दुखण्याच्या जागी जातील, म्हणून ही सारी खटपट.

मागच्या उन्हाळ्यात सोनोग्राफीनं ह्यांच्या पोटातला कॅन्सर दाखवला. स्वादुपिंडात. डॉक्टरांनी मला आणि लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, आता दुखणं कमी करणं एवढंच हातात आहे. ह्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. फक्त लेकीचे कण बघायचेत म्हणाले.

एका रविवारी आम्ही त्यांना नेलं. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबावं लागलं, आणि प्रत्येक थांब्यावर ते मला माझ्या वजनावरून चिडवत होते, जणू दम मलाच लागला होता. लेकीनं सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब ठेवला. पडद्यावर ठिपके दिसले, निपचित. तिनं बटण दाबलं आणि ठिपके सुसाट सुटले.

हे खुर्चीच्या टोकाला आले. "काहून वं, हा पोट्टा गोल गोल काहून फिरून राहिला? डबा वाकडा बसला याचा."

खालच्या काचेमुळे तसं होतं, असं लेकीनं समजावलं. ह्यांना ते मुळीच पटलं नाही. मग आवाजाचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे ज्या आवाजानं चोर दाखवला, तोच आता पोलीस पळवून राहिला." आम्ही तिघं हसलो. लेक बटण बंद करायला गेली. बंद करताच ठिपके जागच्या जागी थांबले. ह्यांचं हसू त्यानंतर थोडा वेळ उरलं, मग तेही गेलं.

घरी आल्यावर लेकीनं मला स्वयंपाकघरात धरलं. बाबा विचारतील गं, म्हणाली. हे कण अजून काचेवरच्या पाण्यातच आहेत, माणसात जायला किती वर्षं लागतील कोणाला ठाऊक, काय सांगू? मी आंबिलीचं पातेलं गॅसवर चढवलं आणि ज्वारीचं पीठ ढवळत राहिले.

त्यांनी त्याच संध्याकाळी विचारलं. लेक त्यांना चमच्यानं आंबील भरवत होती, मी दारात उभी होते.

"पोचतीन का वं तुहे पोट्टे माझ्यापर्यंत?"

चमचा वाटीतच राहिला.

"पोचतील, बाबा."

असं म्हणताना ती हुबेहूब बापासारखी दिसली. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "डबा आहे ना वं पाठीवर?"

"आहे, आहे," ती म्हणाली. "तुम्ही हात चालवा."

आणि त्यांनी चादरीवर हात चालवला. काठावर उभं राहून पोरांना दाखवायचे तसाच, बोटं जुळवून, पुढे आणि मागे. मी दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली.

पोळ्याच्या आधी ते गेले.

हा किस्सा मी लग्नाकार्यात सांगत नाही. परवा लेक प्रयोगशाळेतून आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, कण आता रक्ताच्या थेंबातही पुढे सरकले. मी विचारलं, किती? तिनं अंगठा आणि बोट उचलून दाखवलं. दोन्हींच्या मध्ये मला तरी जागा दिसली नाही.